बोट क्रमांक चारचा तळ न घासण्याबाबत

प्रति,
मा. फेरीबोट अधिकारी साहेब,
जलवाहतूक कार्यालय, पहिला मजला,
जेटीसमोर.

विषय: बोट क्रमांक चारचा तळ येत्या सोमवारी मशीनच्या ब्रशने घासू नये, बोट त्वरित पाण्याबाहेर ओढून घ्यावी आणि तोवर तिच्यात माणूस बसवू नये, याबाबत.

संदर्भ: आपल्या सहीची नोटीस, जिन्याखालच्या फलकावर बुधवारी लावलेली.

महोदय,

अर्जदार गेली अकरा वर्षे आपल्या ताब्यातील बोटींचे तळ बुडी मारून साफ करतो. जेटीवर त्याला सगळे खरवड्या म्हणतात, आणि त्याबद्दल त्याची तक्रार नाही. तक्रार वेगळी आहे. ती सविनय सादर करतो.

१. बोट बारा महिने पाण्यात उभी राहिली की तिच्या तळाला आधी बुळबुळीत थर धरतो, मग शेवाळ, मग शंख. शंख एकदा बसला की आगंतुक पाहुण्यासारखा उठायचे नाव घेत नाही. यावर उपाय दोन. वर्षातून एकदा बोट बाहेर ओढून, वाळवून, तिला तांबे घातलेला रंग द्यायचा. आणि दर महिन्याला खाली जाऊन पात्याने खरवडायचे. दुसरे काम अर्जदाराचे. पहिले काम तीन वर्षे झालेले नाही, कारण बोट ओढून घेण्याचा प्रस्ताव आपल्या कार्यालयात आहे. मोठे बाबू म्हणतात, "फाईल चालू आहे रे, घाई काय?"

२. नोटिशीत असे म्हटले आहे की बोट चार पूर्वी वीस मिनिटांत पलीकडे जात असे, आता तिला पस्तीस मिनिटे लागतात, आणि याला अर्जदाराचा कामचुकारपणा कारणीभूत आहे. सबब सोमवारी बाहेरची माणसे मशीन घेऊन येतील. साहेब, तळाला वीतभर शंख आहेत हे खरे. अर्जदाराने आठ महिने तिथे पाते लावलेले नाही हेही खरे. पण ते आळसाने नाही. अर्जदार घाबरला आहे.

३. आठ महिन्यांपूर्वी अर्जदार नेहमीप्रमाणे चारच्या खाली गेला. शंखांचा एक पुंजका पात्याने उडवला तेव्हा त्याखाली टाचणीच्या टोकाएवढी भोके दिसली. अर्जदाराने अंगठा टेकवला. अंगठा आत गेला, पेरापर्यंत. लाकूड पोखरणारा किडा बाहेरून काही दाखवत नाही आणि आतून फळीची चाळण करतो. अर्जदाराने वर येऊन मेण आणि चिंध्या नेल्या, भोक बुजवले आणि कुणाला बोलला नाही. त्या जागी पुन्हा शंख बसले, तेव्हा त्याला बरे वाटले. ज्या शंखांशी अकरा वर्षे हाडवैर, त्यांच्याच भरवशावर आता ती फळी तग धरून आहे. मशीनचा ब्रश हा भरवसा दहा मिनिटांत उडवून लावील.

४. अशा जागा सहा आहेत. त्या सहाच का, हे फक्त अर्जदारास ठाऊक आहे, आणि इथे 'अर्जदार' लिहायला हात धजत नाही. मलाच ठाऊक आहे. बोट बाहेर काढली की ती सहा ठोकळ्यांवर टेकवतात. सगळीकडे रंग लागतो, ठोकळे टेकतात तिथे लागत नाही, आणि किडा अशा बिनरंगाच्या लाकडातच शिरतो. म्हणून रंग वाळल्यावर ठोकळे सरकवायचे आणि त्या सहा जागा वेगळ्या रंगवायच्या, ही आमच्या कामातली पहिली शिकवण. तीन वर्षांपूर्वी सरकवायच्या दिवशीच वरून निरोप आला की बोट आजच पाण्यात हवी. मी म्हटले, पुढल्या वर्षी बाहेर येईलच, तेव्हा बघू. रंगकाम पूर्ण झाल्याच्या कागदावर मी सही केली. पुढले वर्ष अजून आलेले नाही. दोष निरोपाचा नाही, फाईलचा नाही, माझा आहे.

५. बोट चारचा चालक अर्जदाराचा सख्खा थोरला भाऊ. त्याने शब्द टाकला म्हणून अर्जदारास ही नोकरी लागली. गेल्या मंगळवारी त्याच्या कानावर घातले तर तो हसला. म्हणाला, "अरे, ही म्हातारी आपल्या दोघांना पोचवून मग जाईल. तू तुझं डोकं पाण्याबाहेर जास्त ठेवत जा." पण तोच सांगतो की पूर्वी तळात साचलेले पाणी दिवसातून एकदा पंपाने उपसावे लागे, आता प्रत्येक फेरीआधी उपसावे लागते. दादा मनाने इतका मोठा आहे की त्याला बोटीबद्दल वाईट विचारच सुचत नाही. अर्जदारास दुसरे काही सुचत नाही.

६. अर्जदाराची मुलगी पलीकडच्या दवाखान्यात नर्सचे शिक्षण घेते. सकाळी सातच्या फेरीला ती डावीकडच्या तिसऱ्या बाकावर बसते, चपला काढून पाय फळीवर सोडते आणि पुस्तक उघडते. अर्जदाराने दोरीने मोजून पाहिले आहे. चौथी जागा बरोबर त्या बाकाखाली येते. पुलावरून बसने जा म्हणून तिला तीनदा सांगितले. ती म्हणाली, "बाबा, बसला दोन तास लागतात. आणि बोटीचा तळ तुम्हीच बघता ना? मग मला कसली भीती?" तिच्यासोबत रोज साठ माणसे असतात, आणि त्यांनाही कुणीतरी बाप, भाऊ, लेकरू आहेच.

७. सबब विनंती की चारला ब्रश लावू नये. तिला हळू ओढून बाहेर घ्यावे आणि सहा फळ्या बदलाव्यात. फळ्या कुठल्या, ते अर्जदार डोळे मिटून दाखवील. त्यानंतर अर्जदारावर जी कारवाई व्हायची ती व्हावी. तोवर प्रवाशांसाठी बोट दोन आणि तीन आहेत. चारला बुडायचेच असेल तर ती धक्क्याला बांधलेली, रिकामी बुडो.

८. हा अर्ज आपल्यापुढे केव्हा येईल याची अर्जदारास कल्पना आहे. दोन वर्षांपूर्वी दादाने चारचे कुलूप बदलून मिळावे म्हणून अर्ज केला होता आणि नमुन्यादाखल इंजिनाची जादा चावी त्याला जोडली होती. ती चावी अद्याप फाईलमध्ये आहे. दादा सात वेळा मागायला आला. नोंद झालेले सहपत्र निर्णय होईपर्यंत काढता येत नाही, असे मोठ्या बाबूंनी सातही वेळा सांगितले. तेव्हा अर्जदार मनातल्या मनात बाबूंना खूप बोलला होता. आज ते बोल परत घेतो.

आज दुपारची फेरी आटोपून दादा हात धुवायला गेला तेव्हा अर्जदाराने त्याच्या सदऱ्याच्या खिशातून चारची दुसरी, म्हणजे आता उरलेली एकुलती एक चावी काढून घेतली. भावाच्या खिशात हात घालण्याची ही पहिलीच वेळ. ती या अर्जास जोडली आहे, आणि आवक खिडकीवर शिक्का मारून घेणार आहे. साहेबांनी निर्णय घेण्याची मुळीच घाई करू नये.

आपल्या दारी भीतभीत उभा,
(सही)
खरवड्या, बोटतळ सफाई कामगार

दिनांक: १४, शनिवार

सोबत:
१) रंगकाम पूर्ण झाल्याचा कागद, अर्जदाराच्या खोट्या सहीसह. सही अर्जदाराचीच आहे, खोटे त्यावरचे 'पूर्ण' आहे.
२) चौथ्या जागेचा लाकडाचा तुकडा, डबीत. कृपया बोटाने दाबून पाहावा.
३) खरवडायचे पाते, एक. अर्जदारास आता लागणार नाही.
४) बोट क्रमांक चारच्या इंजिनाची चावी, एक. निर्णय होईपर्यंत काढता येणार नाही.