दौलतरावाची बायको

सानगडी
दि. २४ नोव्हेंबर २०२५

चि. धनू,

तुले अन् उर्वशीले अनेक आशीर्वाद. आम्ही इकडं बरे आहो. धान निघाले, मळणीही झाली. यंदा पाण्यानं लोंब्या काळ्या पडल्या, पण खायपुरते होऊन जातील. डिंपलची नागपूरची नोकरी ठीक चालू आहे. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेले तू येशील म्हणून तलावातले शिंगाडे उकडून ठेवले होते. तू आला नाही, तुझ्या मालिकेतला नट आला.

पत्र कायले लिहिते म्हणशील. फोन तुझ्या भाऊजीजवळ राहते, अन् बोललं तं स्पीकर लाव म्हणतात. तुझा फोन आला तवाही स्पीकरच होता. पुढच्या महिन्याच्या पहिल्या इतवारी तू चॅनेलवाल्याईले घेऊन येणार, शेवटच्या भागासाठी ‘खऱ्या दौलतरावाचं घर’ दाखवणार, अन् मी कॅमेऱ्यापुढं तू लिहिलेल्या मालिकेतल्या दौलतरावाच्या बायकोचं वाक्य बोलायचं: ‘मी तुम्हाला केव्हाच माफ केलं.’ धनू, ते शूटिंग होऊ देऊ नको. एवढ्यासाठीच हे पत्र आहे.

तू साकोलीच्या कॉलेजात जाये, तवा आमच्याकडंच राहे. तूच पाह्यलं होतं, तुझे भाऊजी शेतावर जायच्या आधी तांदळाच्या कोठीत हात दाबून ठसा उमटवून जात. मी परस्पर एक ओंजळ काढली तरी त्याईले समजलं पाहिजे. ठसा मोडलेला दिसला की मंग काय होये, तेही तू पाह्यलं.

म्हणून तं मालिकेत दौलतरावानं पहिल्यांदा तांदळावर हात दाबला, तवा अख्ख्या सानगडीनं ओळखलं. शेजारची उषाबाई दारातूनच वरडली, ‘वो कुंता, हा तं तुमचा श्रावण!’ काय हासलो बाप्पा आम्ही बाया! पानठेल्यावर पोट्टे त्याईले ‘दौलतराव’ म्हणून चिडवत. तुझ्या भाऊजीनं चौकात जाणंच सोडलं. अन् त्या साऱ्या दिवसात त्याईनं माझ्यावर एकदाही हात नाही उचलला. कोठीत ठसा नाही. मी मनात म्हणत होती, जे बाबाले जमलं नाही, पंचायतीले जमलं नाही, ते माझ्या भावानं बसल्या जागी करून दाखवलं.

मंग तुले काय झालं रे?

तो नट लोकाईले आवडून राहिला, आता त्याले वाईट ठेवता येत नाही, असं तू म्हणाला. आधी त्याले एक आजारी बहीण देल्ली, तिच्यासाठी तो औषधं आणे. मंग बालपण देल्लं. सावत्र माय उपाशी ठेवे, म्हणून तो तांदूळ राखते म्हणे! त्या दिवशी उषाबाईनं पदरानं डोळे पुसले. मी ताट तसंच ठेवून उठली.

कोणाची सावत्र माय? तुझ्या भाऊजीले त्याईची सख्खी माय शाळेत जाईपर्यंत दहीभाताचे घास भरवे. पण आता तेच चौकात बसून सांगतात, ‘लहानपणी लई उपास काढले बावा.’ तू बनवलेलं बालपण त्याईनं आपलं करून घेतलं. परवा तं सांगता सांगता खरंच रडले. लोक पाठीवर हात फिरवतात. अन् कोठीत ठसा पुन्हा दिसून राहिला.

मंडईले कमिटीनं तुझ्या नटाले पाहुणा म्हणून बोलावलं होतं. काय गर्दी! कमिटीचे अध्यक्ष केशवराव, त्याईनं तुझ्या भाऊजीले स्टेजवर घेतलं, शाल-नारळ देल्लं. नटानं मिठी मारली. बाया मोबाइल उचलून फोटो काढून राहिल्या. मंग केशवराव माइकवर म्हणे, ‘आता वहिनी ते वाक्य बोलतीन!’ मले वर ढकललं. माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही. लोकाईले वाटलं, बाईले भरून आलं. टाळ्याच टाळ्या.

मंग घरी आलो.

हे लिहू का नको करता करता दोन कागद फाडले. माझा डावा कान गेला, धनू. साकोलीचा डॉक्टर म्हणे, पडदा फाटला, कशानं फाटला? मी म्हटलं, धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर पाय घसरला. श्रावण बाजूलेच उभा होता. हो, नाव घेतलं मी. त्याले अहो-जाहो करणं आता होत नाही माझ्याच्यानं. ‘चार लोकात माझी इज्जत घालवली, एक वाक्य बोलता नाही आलं?’ मारता मारता एवढंच म्हणत होता.

डिंपलले सांगतलं. ती म्हणे, ‘आई, बाबा काहून तसे झाले ते मामानं दाखवलं ना. आता तं ते रडतात. तू कायले धरून बसली?’ माझ्या पोटची पोरगी, धनू!

दौलतरावाले माफ करायचं होतं तं दौलतरावाच्या बायकोनं करावं. माझी माफी तू कोणाले विचारून देऊन टाकली? त्या घरात माझ्याकडून पाहणारा तू एकटा होता. आता मी कोणाले सांगाले गेली तं म्हणतात, अवो, ते जुनं झालं, मिटलं सारं, आम्ही पाह्यलं टीव्हीवर. राग येते तुझा. झोपेतून उठल्याबरोबर येते. अन् तरी लिहायले तूच आहे, दुसरं कोणी नाही.

शूटिंग तू थांबवणार नाही, मले मालूम आहे. फोनवर किती खुश होता तू. अन् मी पुन्हा चूप राहिली तं अजून एक कान बाकी आहे. म्हणून भात शिजेपर्यंत चुलीपुढं बसून ते वाक्य पाठ करून राहिली. तुमच्या शुद्ध भाषेत, ‘तुम्हाला’ म्हणून. इतवारी बोलीन.

फक्त तू कॅमेऱ्याच्या मागं उभा राहू नको. घराबाहेर थांब. तुझं तोंड दिसलं तं माझ्याच्यानं बोलणं होणार नाही, अन् मंग तुम्ही सारे गाडीत बसून निघून जाल.

दौलतरावाची नाही, श्रावणची बायको,
तुझी कुंताताई