दादाने न टोकलेली कविता

गुरुवार, ता. ४ फेब्रुवारी

चि. गुंडीस, काकाचे अनेक आशीर्वाद.

टक्! पाटीच्या लाकडी चौकटीवर पेन्सिलीचं बूड आपटल्याचा तो आवाज. सत्तर वर्षं होत आली, पण आज बसमध्ये खिडकीशी बसलो आणि तो जसाच्या तसा कानात वाजला. मी खोलीच्या या टोकाला कविता पाठ म्हणतोय, तुझे बाबा त्या टोकाला गणितं सोडवतायत. मान वर करायची नाही, कुठे चुकलं ते सांगायचं नाही, नुसतं टक्! की मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू. पुढे दादा छापखान्यात मुद्रितं तपासायला लागला आणि सगळं जगच त्याला न तपासलेला कागद वाटू लागलं. वहिनीची किराणा यादीसुद्धा दुरुस्त होऊन परत यायची, हे तुला मी काय सांगू!

असो. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनाने भरतो, म्हणून तू पत्रानेच सविस्तर कळवायला सांगितलंस. दादाच्या वृद्धनिवासाचा वर्षाचा करार महिनाअखेर संपतोय, पुढच्या वर्षाची सही मी करायची की नाही, हे माझा अहवाल वाचून तू ठरवणार. तर हा घे अहवाल.

फाटकापासून कारंज्यापर्यंत दोन्ही बाजूंना फुलं. फरशी अशी की घास सांडला तर उचलून खावा. व्यवस्थापिका बाई साखर पेरल्यासारख्या बोलतात, माझी गेल्या वेळची सर्दी त्यांच्या लक्षात होती. दुपारी चारला दालनात बारा वृद्ध बसलेले, पण भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यावी इतकं शांत. चाळीस वर्षं चौथीचा वर्ग सांभाळलेल्या माणसाला विचार त्या शांततेचं मोल! शंभरातले नव्वद गुण मी तिथेच देऊन टाकले. दहा कापले ते सूप फार पातळ म्हणून.

दादा आता पुष्कळ निवळला आहे. डिसेंबरात वर्तमानपत्राच्या घडीवरून तीन शेजाऱ्यांशी भांडला होता, आता कुणाशी ब्र नाही. दाढी केलेली, उजवीकडून भांग पाडलेला, अगदी गोजिरा दिसत होता. मी त्याला नदीची कविता म्हणून दाखवली. सातही कडवी. चौथ्यात मी दोन ओळींची अदलाबदल केली, हे नंतर बसमध्ये लक्षात आलं. पण तो काही म्हणाला नाही. माझा हात धरून बसून राहिला. आयुष्यात पहिल्यांदा मी दादासमोर एक कविता न थांबता शेवटपर्यंत म्हटली गं! डोळे भरून आले.

त्याच्या शेजारची खिडकीजवळची खाट एप्रिलात रिकामी होते आहे. ती माझ्यासाठी धरून ठेवा, असं बाईंच्या कानावर घातलंय. पुन्हा दोघे भाऊ एका खोलीत!

बाकी सर्व ठीक. माया आहे तेवढी राहू दे, कमी पडली तर हक्काने मागून घेईन.

तुझा काका

•

बुधवार, ता. १० फेब्रुवारी

ती. काकांस, गुंडीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्यासारखेच माझेही डोळे भरले. दुसऱ्यांदा चष्मा काढून बसून राहिले. तिसऱ्यांदा वाचल्यावर ताटावरून उठले.

काका, तुम्ही दोन ओळी उलटसुलट केल्यात आणि बाबा गप्प बसले? कोण बाबा? एका स्वल्पविरामासाठी माझ्या लग्नाच्या तीनशे पत्रिका परत पाठवणारे? आई आजारी असताना औषधाच्या बाटलीवरची चूक काढून कंपनीला पत्र लिहिणारे? आणि ते जन्मभर भांग डावीकडून पाडतात. कुणी उजवीकडून पाडला आणि त्यांनी पाडू दिला?

आमच्या कारखान्यात यंत्र कुरकुरलं तर आम्ही तेल घालतो. आवाजच बंद झाला तर मात्र धावत सुटतो.

रागावू नका, पण तुम्ही जन्मात कुणाला नापास केलं नाहीत. कोरा पेपर देणाऱ्या पोरालाही 'कागद स्वच्छ ठेवला आहे' म्हणून पाच गुण दिलेत, हे तुम्हीच हसत हसत सांगायचात. इथे तसं करू नका. फुलं बघू नका, बाबांची नखं बघा. टाचा बघा. जीभ कोरडी आहे का, दिवसात किती तास जागे असतात, शेवटचं कुणाशी आणि कशावरून भांडले, ते विचारा. गुरुवारी जाऊ नका, चारला जाऊ नका, आधी फोन तर मुळीच करू नका. जेवणं झाल्या झाल्या जा.

तोवर करारावर सही नको. कारखान्याची तपासणी चालू आहे, मार्चच्या पहिल्या आठवड्याआधी मला हलता येत नाही, याचाच जीव जळतो. तुमच्या पाठीचं दुखणं, न्हाणीघरात बाबा पडले तेव्हा उचलता येईना म्हणून तुम्ही दोन तास त्यांच्याशेजारी ओल्यात बसून राहिलात, ते सगळं मला ठाऊक आहे. म्हणून तर आपण त्यांना तिथे ठेवलं. पण ठेवलं म्हणजे टाकलं नाही ना?

पत्र वाचून रागावलात तर कळवा. घरात एक तरी माणूस रागावतं आहे, एवढंच समाधान.

तुमची गुंडी

•

बुधवार, ता. १७ फेब्रुवारी

चि. गुंडीस आशीर्वाद.

काल मंगळवारी दीड वाजता गेलो. पहारेकऱ्याने अडवलं, तेव्हा शहात्तराव्या वर्षी बिनदिक्कत खोटं बोललो की चष्मा आत विसरलाय.

बाराच्या बारा माणसं खुर्च्यांत झोपलेली. हनुवट्या छातीवर. पडदे ओढलेले. सुपाचे वाडगे भरलेलेच होते, वर साय धरली होती. दादाच्या गळ्यातला रुमाल ओला. हाक मारली तर डोळे उघडले, पण नजर माझ्यापर्यंत पोचायला फार वेळ लागला. मी नदीची कविता सुरू केली आणि मुद्दाम तिसऱ्या कडव्यात भलत्याच कवितेची ओळ घुसडली. पाटी असती तर फुटली असती! तो माझ्या ओठांकडे बघत राहिला आणि म्हणाला, हं. नखं वाढलेली. डाव्या टाचेला रुपयाएवढं लाल, दाबलं तर कळवळला. जीभ खडबडीत.

वाडगे गोळा करणाऱ्या सिस्टरला विचारलं. कोवळी पोरगी. तिने आधी दाराकडे पाहिलं, मग हळूच सांगितलं की सकाळी अर्धी आणि जेवल्यावर एक गोळी, दोन महिने झाले. दुपारी दोन्ही दालनांना मिळून ती एकटीच असते. सगळे जागे राहिले तर एकटीने कुणाकुणाला धरायचं, असं तिने मलाच विचारलं. 

बाईंनी फाईल दाखवली. रोजच्या रकान्यात 'जेवण पूर्ण, मन प्रसन्न'. एकच शाई, एकच तिरपं अक्षर. दुपारचे पावणेदोन वाजलेले आणि त्याच दिवशीच्या संध्याकाळच्या रकान्यात 'बागेत फिरले' लिहून तयार! एका बैठकीत भरलेलं हजेरीपुस्तक मला लांबून ओळखता येतं. तपासनीस यायच्या आदल्या दिवशी मीही ती भरली आहेत.

मग माझा आवाज चढला. कुणाला विचारून गोळ्या देता, म्हणालो. बाई जराही चिडल्या नाहीत. त्याच साखरेने त्यांनी फाईल माझ्याकडे वळवली आणि एका सहीवर बोट ठेवलं.

सही माझी होती.

न वाचता केली, असं तुला लिहिणार होतो. दोन कागद फाडले. खरं ते असं की मी वाचून केली होती. डिसेंबरातल्या त्या भांडणानंतर बाईंनी बोलावून घेतलं, रुग्ण शांत राहावा म्हणून गरजेनुसार औषध, असा कागद पुढे केला. त्याच दिवशी दादाने बाईंच्या देखत माझे उच्चार सुधारले होते, चौथीतल्या पोरासारखे. मनात आलं, बरं होईल, दोन वाक्यं तरी सलग बोलू देईल. आणि केली सही.

त्या गुरुवारी ती कविता मी शेवटपर्यंत म्हटली, ती कशामुळे, ते आता तुला कळलं. मला किती गुण देतेस ते विचारत नाही.

काका

•

सोमवार, ता. २२ फेब्रुवारी

काका,

वर नमस्कार लिहायला हात उठला नाही, तो शेवटी लिहीन.

दोन दिवस तुमच्यावर इतकी चिडले होते की ह्यांना वाटलं, मी त्यांच्यावरच चिडले आहे, आणि बिचाऱ्यांनी न सांगता सगळी भांडी घासली. मग आठवलं. डिसेंबरात बाईंनी आधी फोन मला केला होता. मी बैठकीत होते. काका ठरवतील, म्हणाले आणि ठेवून दिला. औषधाचं काहीतरी बोलत होत्या, हे मी ऐकलं होतं. तेव्हा सही तुमची असली तरी हात दोघांचा आहे. आता रडून तो सुटणार नाही.

बाबांना बाहेर काढा. गोळी मात्र एकदम बंद करू नका, आधी आपल्या जुन्या डॉक्टरांना घरी बोलावून विचारा. उचलायला सकाळ-संध्याकाळ माणूस ठेवा, एकट्याने वीरश्री दाखवू नका. मी आठ मार्चला येते. महिनाभराची रजा मागितली आहे, नाही दिली तरी येते.

सा. न.

गुंडी

•

शुक्रवार, ता. ५ मार्च

चि. गुंडीस अनेक उत्तम आशीर्वाद.

दादाला रविवारी घरी आणलं. बाहेरच्या खोलीत, माझी खाट त्याला दिली, मी जमिनीवर. डॉक्टर दोनदा येऊन गेले. सकाळची गोळी बंद केली, दुपारची अर्धी केली, बाकी हळूहळू. एक उंचापुरा गडी सकाळ-संध्याकाळ येतो, दादाला पिसासारखा उचलतो. अधल्यामधल्या वेळी मी आहे आणि माझी पाठ आहे.

या वेळी सजवून लिहीत नाही. काल तो तासभर रडला, वहिनी कुठे गेली म्हणाला. दोनदा मला ओळखलं, एकदा नाही. टाचेची जखम उघडी पडली आहे, रोज पट्टी बदलावी लागते. माणूस किती परत येईल हे डॉक्टर सांगू शकत नाहीत. तू येशील तेव्हा दारातून धावत आत येऊ नकोस, आधी थोडं बसून घे.

निघताना बाईंनी सवयीने अभिप्रायाची वही पुढे केली. चाळली. पानोपानी 'उत्तम सेवा', 'घरच्यासारखी माया'. ऑक्टोबरात मीच लिहिलेलं 'येथे शांती नांदते', खाली लपेटेदार सही. मी ते खोडलं. मग नव्या पानावर उभ्यानेच लिहिलं, किती वाजता आलो, किती जण झोपलेले होते, सुपाचे वाडगे, टाच, गोळ्या, न झालेल्या संध्याकाळची नोंद. परवानगीची सही माझीच होती, हेही लिहिलं. सिस्टरचं नाव घातलं नाही, ती एकटीच असते एवढं घातलं. खाली माझं नाव आणि पूर्ण पत्ता. बाईंनी वाचलं आणि वही मिटली. निरोप द्यायलाही उठल्या नाहीत. तोच मजकूर सरकारी आरोग्य कचेरीलाही टपालाने पाठवला आहे. चाळीस वर्षांत कुणाला नापास केलं नव्हतं. त्या दिवशी दोघांना केलं, एक ते निवास आणि एक मी.

थांब, दार वाजतंय. गड्याची तर ही वेळ नाही.

दारात पन्नाशीची एक बाई उभी आहे. कधी पाहिलेली नाही. गळ्यात शिंप्याची मोजपट्टी तशीच लोंबते आहे, कामावरून उठून आलेली दिसते. हातात घडी घातलेला कागद. वहीतलं माझं पान! कुणी फाडून टाकायच्या आत आपणच फाडून आणलं, म्हणाली. हे तुम्हीच लिहिलंत का, असं तिने दोनदा विचारलं. तिची आई तिथल्या बायकांच्या दालनात आहे. गेल्या दोन महिन्यांत ती एकदाही कुणावर रागावली नाही. त्या उपकाराची फेड म्हणून हिने त्या दालनाचे सगळे पडदे फुकट शिवून दिले आहेत.

ती अजून उंबऱ्याबाहेरच उभी आहे. पत्र इथेच ठेवतो, तिला आत घेतो.

तुझा काका