तू विचारलंस, म्हणून सांगितलं

प्रिय अण्णा,

तू गेल्यापासून सहा वर्षांत तुला पत्र लिहावंसं वाटलं नाही, कारण मनातल्या मनात तुझ्याशी बोलणं चालूच असतं. पण काल वहिनी घरी येऊन जे बोलल्या, ते तुला लिहूनच कळवायला हवं.

आधी दुकानाचं सांगते. कॅम्प चारमधलं तुझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान चांगलं चाललंय. तू अर्ज केलेला फोनसुद्धा अखेर आला. वहिनी स्वतः मोटारी उघडतात, जळकी तार काढून नवी भरतात. हाताखाली दोन बायका ठेवल्यात.

तुझ्या यकृतातल्या दोन गाठी काढल्या तेव्हा आपण किती निर्धास्त झालो होतो, आठवतं? उरलेलं यकृत पुन्हा वाढतं, असं डॉक्टर म्हणाले आणि तू वॉर्डभर सांगत सुटलास, "मोटारीत तार आपल्याला भरावी लागते. हे आपलं आपण भरतं." महिन्याभरात दुकानात हजर झालास.

अकरा महिन्यांनी तुझी पँट कमरेवर ठरेना. मुंबईला पुन्हा सोनोग्राफी झाली. तू आत शर्ट घालत होतास, तेवढ्यात डॉक्टरांनी मला आणि वहिनींना बाहेर बोलावलं. "गाठी परत आल्यात. ह्या वेळी दोन्ही बाजूंना आहेत. पुन्हा ऑपरेशन करता येणार नाही. सहा महिने धरून चला."

जिन्यात वहिनींनी माझं मनगट घट्ट धरलं. "नंदा, ह्यांना कळता कामा नये. माझी शपथ आहे तुला."

मी हो म्हटलं. तुला सांगितलं, थोडी सूज आहे, औषधाने उतरेल.

आठ दिवसांनी मी दुपारी दुकानात तुझा डबा घेऊन आले. तू पंख्याची कॉइल गुंडाळत होतास. मान वर न करता विचारलंस, "परत आलंय ना?"

मी डबा उघडत राहिले.

"औषधं बदललीत, त्यावरून कळलंच मला. पण कुणीतरी तोंडाने सांगायला हवं."

"वहिनींना विचार ना."

"तिला विचारलं तर ती खोटं बोलेल. मग रोज ते खोटं सांभाळत बसेल. तिच्या मागे ते नको."

तेव्हा मी सांगितलं. परत आलंय, ऑपरेशन होणार नाही, सहा महिने म्हणालेत. तू कॉइल बाजूला ठेवलीस. हात पुसलेस. मग म्हणालास, "जेवून घेऊ आधी. आणि मी विचारलं हे तिला सांगू नकोस. तिला सोडून तुला विचारलं, हे तिला लागेल."

तू जेवलास. मी नुसती वाढत राहिले.

दुसऱ्या दिवशी तू वहिनींना म्हणालास, "उद्यापासून दुकानात यायचं. सगळं शिकून घे." त्यांना तिथेच उमगलं. त्या माझ्याकडे आल्या. "शपथ मोडलीस. आता हा माणूस रोज मरेल." तेव्हापासून त्यांनी माझ्याशी कामापुरतंच बोलायचं ठेवलं.

तू रोज मेलास का रे? मला तर तसं दिसलं नाही. वहिनींनी भरलेल्या पहिल्या मोटारीत वेढे कमी पडले आणि धूर निघाला, तेव्हा तू पोट धरून हसलास. सहाचे आठ महिने झाले. दुकान त्यांच्या नावावर केलंस, गिऱ्हाइकांशी ओळखी करून दिल्यास. मग 'मीच नंदाला विचारलं होतं' एवढं एकदा तरी त्यांना सांगता आलं नसतं का तुला? तेराव्याला त्यांनी सगळ्यांना चहा दिला, मला सोडून. तो राग मी गिळला, पण तुझ्यावर थोडी रुसलेच.

आता कालचं. शेजारच्या कापड दुकानातल्या सिंधी भाभींच्या नवऱ्याचा आजार ऑपरेशननंतर उलटलाय. मुलं म्हणतात, सांगायचं नाही. भाभी वहिनींना विचारायला आल्या, "आप होते तो क्या करते?" वहिनी म्हणाल्या, "बता दो. मेरी ननद ने बताया था, इसलिए आज मैं खड़ी हूँ."

आणि दुकान बंद करून तडक विठ्ठलवाडीला माझ्याकडे आल्या. "तू सांगितलं नसतंस, तर ह्यांनी मला कधी दुकानात आणलं नसतं. आठ महिने आम्ही दोघं खरं बोललो. आणि मी तुझ्याशी अबोला धरून बसले." मी चहा केला. त्या बराच वेळ बसल्या.

पण अण्णा, हे श्रेय माझं नाही. तू विचारलं नसतंस, तर मी सूज आहे म्हणतच राहिले असते.

रविवारी आम्ही दोघी बदलापूरला आईकडे जाणार आहोत. तुझा शब्द मी सहा वर्षं पाळला, आता मोडणार. तू आधी मला विचारलं होतंस आणि का विचारलं होतंस, ते वहिनींना सांगेन, हे माझं तुला वचन. त्यांना लागेल, पण त्या पेलतील. तुला वाटलं त्याहून त्या फार खंबीर निघाल्या. आणि रागावल्याच, तर ह्या वेळी तो राग तुझ्या वाट्याचा. मी मधे पडणार नाही.

तुझी,
नंदा