शेवटची तेरा पाने

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, व्यवसाय लेखन, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि बऱ्यापैकी संतापात करत आहे. माझ्यावर कुणाचे दडपण नाही. ज्यांनी आणून पाहिले, त्यांना विचारावे. हृदयाबद्दल डॉक्टरांनी सांगितले ते मी नीट ऐकले आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. अंमलबजावणी मुलीने करावी. घरात वेळ पाळणारी तीच एक आहे. मी हाताने लिहिते आहे, टंकलेखन माझे पती करतील.

१. राहते घर पतीचे, त्यांच्यानंतर मुलीचे. माझ्या लिहिण्याच्या खोलीचे स्मारक करू नये. तिथे मी सहा पुस्तके लिहिली हे खरे, पण त्याहून जास्त वेळ समोरच्या बाल्कनीत वाळणारे कपडे बघत बसले. मुलीला शिवणयंत्राला जागा हवी आहे. ते तिथेच ठेवावे. त्या खोलीत निदान काहीतरी वेळेवर पुरे होईल.

२. पुस्तके सार्वजनिक वाचनालयाला. समासात पेन्सिलीने लेखकांशी घातलेले वाद खोडू नयेत. काही वाद मी जिंकले आहेत.

३. सन्मानचिन्हे त्रेचाळीस. त्यातली पुस्तकांसाठी दोन, बाकीची भाषणांसाठी. माझी सगळी चीड इथे आहे. चाळीस वर्षे मी कादंबरीकार म्हणून व्यासपीठावर गेले आणि वक्ता म्हणून खाली उतरले. संयोजक दारातच म्हणत, "बाई, पुस्तकाचं नंतर बघू, आज जरा पेटून बोला." मी बोलत असे. जे वाक्य सकाळी कादंबरीसाठी सापडायचे, ते संध्याकाळी सभेत खर्ची पडायचे. टाळ्या पडल्या की ते कागदावर पुन्हा उभे राहायला तयार नसे. कुणी मला लुटले नाही. मीच उधळले. सन्मानचिन्हांचे काहीही करावे. दोन जड आहेत, दार वाऱ्याने आपटते तिथे लावावीत.

४. प्रकाशकाकडच्या मुद्रितशोधकांना देण्यासाठी माझ्याकडे वस्तू नाही, कबुली आहे. माझ्या दुसऱ्या कादंबरीची छपाई चालू असताना मी व्याख्यानांच्या दौऱ्यावर होते. मुद्रिते न पाहता मी फोनवरून "छापा" असे सांगितले. पुस्तक हातात आले, तर शेवटची दोन पाने नाहीत. मी प्रकाशकाच्या कचेरीत, सगळ्यांसमोर, मुद्रितशोधकांवर खापर फोडले. ते एवढेच म्हणाले, "बाई, माझ्याकडे आली तेवढी पानं मी मोजली होती." मी ऐकले नाही. एकोणीस वर्षे त्यांच्याशी बोलले नाही. ते खरे बोलत होते. मी त्यांची माफी मागते, आणि हे कलम त्या कचेरीत मोठ्याने वाचावे.

५. पाने माझ्या पतीने गाळली होती. ते कोर्टात टंकलेखक होते, आणि माझी हस्तलिखितेही तेच टाइप करून प्रकाशकाकडे पोचवत. चौतीस वर्षांत त्यांनी चोराच्या, सावकाराच्या, खोट्या साक्षीदाराच्या जबानीतला एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. कात्री चालवायला त्यांना घरात एक बाई सापडली. बाईच्या लेखणीवर पुरुषाचा हात नको, हे मी किती सभांत ओरडून सांगितले त्याची गणती नाही, आणि तो हात माझ्याच घरात, माझ्याच टेबलाशी बसला होता. गेल्या वर्षी विम्याचे कागद शोधताना त्यांच्या फायलीत माझ्या अक्षरातली ती दोन पाने मिळाली. टाचणी लावून, तारीख घालून ठेवलेली. कोर्टातला माणूस कागद फाडत नाही.

मी विचारले, "हे काय आहे?"

"अगं, पुस्तक आधीच संपलं होतं," हे म्हणाले. "पुढे तू भाषणाला उभी राहिलीस."

"मग तोंडाने सांगायचं होतं!"

"तुला? आणि माझं कोण ऐकणार होतं?"

हे भ्याड उत्तर आहे. त्याहून वाईट म्हणजे, रस्त्यात लोक मला थांबवतात ते त्याच पुस्तकासाठी. "शेवटचा तो संयम, बाई!" असे म्हणतात. ज्या संयमासाठी माझे नाव झाले, तो माझा नाही. एकोणीस वर्षे गप्प राहणाऱ्या माणसाला मी दुसरा शब्द देऊ शकत नाही: भ्याड.

६. अपुरी राहील असे वाटणारी कादंबरी गेल्या महिन्यात पुरी झाली. अकरा वर्षे लागली. पाने तीनशे पंचवीस. ती शब्द न् शब्द छापावी. पतीने टंकलेखन करावे, पण गाळू नये, घालू नये, आणि मत देऊ नये.

७. शोकसभा घेतलीच, तर प्रत्येकी तीन मिनिटे. मला ती मर्यादा कुणी घातली नाही, हे माझे दुर्दैव.

पुरवणी, दुसऱ्या दिवशी सकाळी

टाइप केलेला मसुदा मी मूळ कागदाशी ताडून पाहिला.

"सगळं आहे?" मी विचारले.

"दिलंस तेवढं."

"कलम पाचही?"

"'भ्याड' दोनदा आहे. दोन्ही घेतले."

"आणि कादंबरीचा शेवट? वाचलात ना, कसा वाटला?"

"मला विचारू नकोस. कलम सहा."

एवढे बोलून हे चहा टाकायला गेले. आता भांडायला समोर कुणी नव्हते. मी खोलीचे दार लावून शेवटचे प्रकरण मोठ्याने वाचले. पान तीनशे बारावर, कामावरून काढलेली माझी शिक्षिका वर्गाची किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवते आणि जिना उतरते. पुढच्या तेरा पानांत ती बोलते, पण आवाज तिचा नाही, माझा आहे. टाळ्या कुठे पडतील तेसुद्धा मला वाचताना कळत होते.

मला हे मुळीच आवडलेले नाही. तरीही कलम सहा बदलून असे लिहिते: कादंबरी पान तीनशे बारावर संपते. पुढच्या प्रत्येक पानावर मी आडवी रेघ मारून सही केली आहे, म्हणजे उद्या कुणी यांचे नाव घेणार नाही. हात माझाच आहे.

ती तेरा पाने फाडू नयेत. यांच्या फायलीत, आधीच्या दोन पानांच्या मागे लावावीत. टाचणी यांच्याकडे आहे.

ठिकाण: लिहिण्याची खोली
दिनांक: नऊ जून
(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिले: डॉक्टर. यांनी माझ्यासमोर सही केली. शुद्धीत आहेत, रक्तदाब वाढलेला आहे. (सही)

साक्षीदार दुसरे: मुद्रितशोधक. बोलावणे आल्यावरून हजर. सही करण्यापूर्वी मृत्युपत्राची पाने मोजली. पाच आहेत. बाईंनी स्वतः पुन्हा मोजली. पाचच आहेत. (सही)