मोहाच्या दिवसांतली भाची

१९ मार्च, भद्रावती
समोरच्या वासेकर गुरुजींकडे ‘भाची’ आली आहे. मैनी. गुरुजींच्या पत्नी शोभाताई म्हणतात सोळा वर्षांची. मला बाराच्या वर दिसत नाही. भांडी, झाडलोट, नातवाचे लंगोट, सगळं तिच्याकडे. विचारलं तर शोभाताई साखरेत घोळून बोलल्या, “माह्या नणंदेची पोरगी हाये, बाई. एटापल्लीकडची. शिकाले आणली.”
शिकायला! ऐन मार्चात! कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर फार गोड बोलणाऱ्या मुलीचं दप्तर आधी तपासायच्या. बालसंरक्षणात नोकरीभर मीही तेच केलं.

२१ मार्च
सकाळी मैनी कोपऱ्यावरच्या मोहाच्या झाडाखाली. ओंजळीत फुलं.
“खातेस का गं?”
“नाई. वाया चालले.” मग हळूच, “माय एकटीच येचत असन.”
गुरुजींची बहीण एटापल्लीच्या जंगलात मोहफुलं वेचते? बरं. आणि मोहाच्या दिवसांत तिकडे शाळा ओस पडतात, अख्खं घर पहाटे झाडाखाली असतं. त्या दिवसांत हाताशी आलेली मुलगी कुठली आई दूर धाडेल?
धाडलेली नाही. आणलेली आहे.

२२ मार्च
प्रणिताला फोन. माझ्या खुर्चीवर आता ती बसते. मीच तयार केलेली.
“मॅडम, तुम्हाले घराघरात गुन्हाच दिसते. आराम करा ना आता.”
“आराम मेल्यावर.” मोहाचं सगळं तिला समजावलं. बजावलं, त्यांना न कळवता ये.

२५ मार्च
प्रणिता आली. पण सकाळपासूनच मैनी नव्या फ्रॉकमध्ये, दोन वेण्या, हातात पुस्तक. समोर पोह्यांचा वास. त्यांना आधीच खबर होती, हे मला इथेच कळलं.
शोभाताईंनी मैनीला पुढे केलं. “सांग मॅडमले, कोण हावो मी?”
“मामी.”
झाली चौकशी. फाटकाशी प्रणिताला गाठलं. “फोन केला होतास?”
“गुरुजी माणूस, मॅडम. एकदम कसं शिरायचं?”
खात्याचा जुना रोग. गरिबाच्या झोपडीत बुटांसकट शिरायचं, गुरुजींकडे वेळ मागून जायचं.
“मुलीला एकटीला विचारलंस? गाव? आईचं नाव?”
“उद्या घेते.”

२६ मार्च
शोभाताई स्वतः भांडी घासत होत्या.
“मैनी?”
“गेली न घरी. मोह येचाले. तुमालेच लय काळजी होती न मोहाची?”
त्यांच्याशी मी मोहाचा म सुद्धा काढला नव्हता. फक्त प्रणिताशी.
“कोणासोबत गेली?”
“एष्टीत बसवून देली.” नजर राखेच्या डबीत.

२७ मार्च
प्रणिता फोन उचलत नाही. दुपारी मेसेज : तिकडे कळवलंय, निश्चिंत राहा.
तिकडे म्हणजे कुठे? गाव तर तिने विचारलंच नाही.
स्टँडवर चौकशी केली. वेण्या घातलेली एकटी मुलगी कोणी पाहिली नाही. एक पानवाला म्हणाला, “पोरगी होती, पण जीपमधी. संग दोन बाया.” नक्की तीच? त्याला सांगता येईना.

२९ मार्च, एटापल्ली
चंद्रपूर, आलापल्ली करत पोचले. कंबर मोडली. ठाण्यातला शिपाई म्हणाला, “बाई, गाव सांगा. मैनी तर इथी गावोगावी हायेत.” तक्रार घेतली, तीही मी उठत नाही म्हणून.
उद्या पहाटे निघते. मोहाखाली एकटी बाई दिसली की थांबायचं, विचारायचं : तुझी मुलगी घरी आली का? कोण घेऊन गेलं होतं तिला?
मी इथे आहे हे प्रणिताला सांगितलेलं नाही. आत्ताच तिचा फोन येऊन गेला. “मॅडम, एटापल्लीत ऊन फार आहे का?”