खिशातल्या दोन पुड्या

रविवार, संध्याकाळ. तळेगाव.

आजच्या शर्यतीत एकवीस किलोमीटर पूर्ण केले, तेही शेजारच्या सतीशच्या आधी. तरी सकाळपासून डोक्यात ती मीठ-साखरेची पुडीच आहे.

गेल्या वर्षी सोसायटीच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये सगळ्यांसमोर तो म्हणाला होता, "वहिनी, या वयात तुम्ही पाण्याचं टेबल सांभाळा, पळायचं आम्ही बघतो." मी टेबल सांभाळलं, पळताना पायात गोळा आला तर म्हणून सगळ्यांना मीठ-साखरेच्या पुड्याही बांधून दिल्या. मग वर्षभर रोज पहाटे इंदुरीच्या रस्त्यावर पळाले ते त्या एका वाक्यावर.

आज लोणावळ्याच्या चढावर तो पोटरी धरून बसलेला. "वहिनी, पुडी आहे का?" ग्रुपचा नियमच आहे, एक पुडी स्वतःसाठी, एक दुसऱ्यासाठी. माझ्या खिशात दोन्ही होत्या. "पाण्याचं टेबल पुढे आहे, भावजी," म्हणून मी निघाले. कणसं भाजणाऱ्या मावशीने आमचे सारखे टी-शर्ट पाहिले असावेत. "अवो ताई, तुमचा मानूस हितंच ऱ्हायला की."

"माझा नाही तो," मी म्हणाले. एवढं गोड वाक्य वर्षभरात बोलले नव्हते. असं वाटणं बरं का? माहीत नाही.

आत्ता त्याचा फोन आला. अभिनंदन केलं, मग हळूच विचारलं, "पुडी नव्हतीच का तुमच्याकडे?" मी नव्हती म्हणाले. हे मात्र खोटं, आणि तेच टोचतंय.

उद्या सकाळी एक पुडी त्याच्या दाराशी ठेवणार आहे. माफी म्हणून नाही. माझ्याकडे होती, हे त्याला कळायला हवं.