चप्पल लहान झाली

ती. अण्णा,

पायांवर डोकं ठेवते, सूज उतरली असेल असं धरून.

तुम्ही दवाखान्यातून घरी आल्याचं आईने सांगितलं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मी मजेत आहे. खोलीत छान ऊन येतं, वेळेवर जेवते.

काम तेच, दिवसभर लोकांची हृदयं पडद्यावर बघायची. तुम्ही झग्याच्या बाहीला लावता ना, त्या इलॅस्टिकसारखंच असतं ते. जास्त रक्त आत आलं की हृदय जास्त ताणलं जातं, आणि जितकं ताणलं जाईल तितक्या जोराने रक्त पुढे ढकलतं. पण जुनं इलॅस्टिक नुसतंच लांबतं, हे शिंप्याला मी काय सांगू? थकलेल्या हृदयाचंही तसंच, मग रक्त मागे तुंबतं आणि पाणी साठतं, छातीत, पायांत.

हे रोज बघणारी मी! तुम्ही फोनवर थकवा येतो म्हणालात, तर "भरपूर पाणी प्या" असं सांगून मोकळी झाले. पुढच्या आठवड्यात तुम्ही म्हणालात, "अगं, चप्पल लहान झाली वाटतं." मी हसले. इथे प्रत्येक पेशंटला मी आधी विचारते, पायांना सूज येते का? तुम्हाला नाही विचारलं.

आई म्हणाली, तहान नसतानाही तुम्ही तांब्या संपवायचात. "पोरगी हृदयाचं शिकलीय," म्हणायचात.

मशीन अजून पायानेच चालवता का? डॉक्टरांनी दिवसाला दीड लिटर पाणी सांगितलंय, तेवढंच प्या. मी सांगते म्हणून नको अण्णा, ते सांगतात म्हणून.

त्या दिवशी हसलेली,
तुमची धाकटी